उजेडाचा हिशेब

तीन वर्षांपूर्वी गणपतीत, आरतीसाठी घरातले दिवे घालवले तेव्हा मी कॅमेरा काढला. त्याला सोबत आलेली १८-५५ची झूम लेन्स होती. निरांजनाच्या उजेडात आजीचा चेहरा जवळून हवा म्हणून ५५वर गेलो, तर तिथे छिद्र एफ/५.६पेक्षा जास्त उघडेना. सगळे फोटो हलले. पुढच्या वर्षी ५० मिमीची, एफ/१.८ची प्राइम लेन्स नेली. उजेड जवळजवळ दहापट. आजी अगदी लख्ख आली, पण माझ्या पाठीला भिंत लागली आणि बाकीचं घर चौकटीबाहेर राहिलं. आता आजी आरतीला उभी राहू शकत नाही, खुर्चीत बसते. माझ्याकडे तिचे उभ्याने आरती करतानाचे हे दोनच फोटो आहेत आणि दोन्ही अर्धे.

फोटो काढणाऱ्या मित्रांत एक पंथ आहे: प्राइम वापरतो तो खरा फोटोग्राफर, झूमवाला आळशी. पुरावा म्हणून हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात. त्याने बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर, ५० मिमीच्या एकाच लेन्सने केलं, हे खरं. पण १९३०च्या दशकात त्याने सुरुवात केली तेव्हा अशा छोट्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स बाजारात नव्हतीच. जी वस्तू नाही, तिचा त्याग कसला?

सिनेमाच्या कॅमेऱ्यांना झूम आधी मिळाली. ४० ते १२० मिमीची कुक व्हारो १९३२ची. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी मात्र १९५९ उजाडावं लागलं. व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅकने आराखडा केला आणि जर्मनीच्या फॉइग्टलेंडरने ती 'झूमार' नावाने आणली: ३६ ते ८२ मिमी, एफ/२.८.

इतका उशीर का, ते गणितात दिसतं. झूममध्ये भिंगांचे गट एकमेकांजवळ-लांब सरकतात आणि प्रत्येक जागी चित्र स्पष्ट यावं लागतं. म्हणून भिंगं वाढतात. झूमारमध्ये ११ गटांत १४ भिंगं होती, म्हणजे हवेला लागणारे २२ पृष्ठभाग. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. ०.९६चा २२वा घात काढून बघा: निम्म्याहून कमी उजेड आत पोचतो. परावर्तन कमी करणारा पातळ लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ साली शोधला नसता, तर अशी लेन्स वापरण्याजोगी झालीच नसती. लेपानंतरही तडजोड उरलीच. १९६३ची निकॉनची ४३-८६ सरळ रेषा वाकवण्यासाठी बदनाम झाली, तरी भरपूर खपली. पंथाचा राग अशा लेन्सांवरचा आहे. तेव्हा तो रास्तही होता.

पण मला पटलेलं उत्तर एका सिनेमात आहे. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'मध्ये (१९७५) मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग आहेत. त्यासाठी त्याने झाइसने नासासाठी बनवलेली ५० मिमी, एफ/०.७ची प्राइम लेन्स मिळवली आणि ती बसावी म्हणून एड डिज्युलिओकडून कॅमेरा बदलून घेतला. फोकसची पट्टी इतकी अरुंद, की नटांना जवळजवळ न हलता बसावं लागे. त्याच सिनेमात कॅमेरा एका चेहऱ्यावरून हळूहळू मागे जात अख्खं माळरान उलगडतो. ते काम २४ ते ४८० मिमीच्या झूमचं. तिच्यातून येणारा उजेड प्राइमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. पण ते प्रसंग दिवसाचे, बाहेरचे. तिथे उजेड खर्चायला होता.

आता तुमचा फोन उलटा करून बघा. बहुतेक फोनांच्या मागचे दोन-तीन कॅमेरे म्हणजे दोन-तीन प्राइम लेन्स. तुम्ही बोटांनी झूम करता तेव्हा फोन एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि मधलं अंतर चित्र कापून, सॉफ्टवेअरने भरून काढतो. भिंगं सरकायला त्या जाडीत जागा कुठली? झूम उजेड मागते, जागा मागते. प्राइम तुमचे पाय मागते आणि पाठीमागे भिंत नसावी एवढी मेहेरबानी.

यंदाच्या गणपतीत दोन्ही लेन्स नेणार आहे. दिवे घालवायच्या आधी झूमने अख्खं घर, मध्ये खुर्चीत आजी. मग दिवे घालवायचे आणि ५० लावायची.