लेखणीचे व्रत

नगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, नेवासे तालुक्यात घोडेगाव आहे. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ते दूरदूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक. शनिशिंगणापूरची वाट इथेच फुटते, म्हणून शनिवारी-अमावास्येला भाविकांचीही इथे वर्दळ असते. पण वाचकहो, मला या गावाचे महत्त्व वाटते ते निराळ्याच कारणाने. या गावाच्या वेशीवर उभे राहून ज्या दिशेला चालू लागावे, त्या दिशेला मराठी ग्रंथकर्त्याचे एखादे ठाणे लागते. उत्तरेकडे गेलात तर प्रवरेकाठचे नेवासे. शिंगणापूरवरून पश्चिमेला गेलात तर राहुरी आणि तिच्या पलीकडचे ताहराबाद. दक्षिणेला नगर आणि त्याच्याही पुढे श्रीगोंदे. एवढ्या टापूत सहाशे-सातशे वर्षे माणसे शब्दांची उपासना करीत आली आहेत. आणि उपासना हा शब्द मी इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही.

कविता करणे ही साधना होऊ शकते काय? हा प्रश्न पुष्कळांना पडतो. देवपूजा वेगळी आणि काव्यरचना वेगळी. एक देवघरातली, दुसरी बैठकीतली, अशी आपण सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. घोडेगावच्या आसपासचा इतिहास मात्र ही वाटणी मानीत नाही.

नेवाशाचीच गोष्ट पाहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवरची आपली टीका पुरी केली. सच्चिदानंदबाबा लेखक झाले, म्हणजे त्यांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी निरूपण केले असे परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आजही लोक डोके टेकून पाहतात. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर या तरुणाने जे मागणे मागितले, त्यात स्वतःसाठी काहीच नाही. आपल्या बोलण्याला त्याने यज्ञाची उपमा दिली, आणि त्या यज्ञाचे फळ साऱ्या प्राणिमात्रांच्या पदरात टाकले. यज्ञात आहुती द्यावी लागते. इथे आहुती कशाची? 'हे मी रचले' या अभिमानाची, असे मला वाटते; कारण ग्रंथभर श्रेय जाते ते गुरू निवृत्तिनाथांकडे. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ साली, अल्लाउद्दिनाची स्वारी देवगिरीवर आली आणि यादवांच्या वैभवाला उतरती कळा लागली. त्याच साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. राज्य गेले, ओवी राहिली.

श्रीगोंद्याचे शेख महंमद याच मालिकेतले. जन्माने मुसलमान, आणि वाणी मराठी संतांची. त्यांचा 'योगसंग्राम' शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली पुरा झाला. नगरची निजामशाही बुडून तेव्हा नऊच वर्षे लोटली होती. १६३० सालचा भयंकर दुष्काळही लोकांच्या आठवणीत ताजा होता. बाहेर लढाया चाललेल्या असता या माणसाने ग्रंथाला नाव दिले तेही संग्रामाचेच. पण हा संग्राम माणसाच्या आतला, स्वतःच्याच विकारांशी मांडलेला. ग्रंथ लिहिणे हेच त्यांच्यापुरते रणांगण होते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

परंतु माझे मन सर्वांत अधिक रमते ते ताहराबादेस. इथल्या कुळकर्ण्यांच्या घरात १७१५ साली महिपतीबोवांचा जन्म झाला. वडील दादोपंत पंढरीचे वारकरी. वारी आणि वतन ही दोन्ही महिपतींकडे वडिलार्जित आली. आता कुळकर्णी म्हणजे गावचा लेखणीबहाद्दर! जमिनीची नोंद, साऱ्याचा हिशेब, येणे-बाकी, वहिवाट, सारे त्याच्या बोरूच्या टोकावर. गावात त्याचा वचक असे तो त्या बोरूमुळेच.

कथा अशी सांगतात, की महिपती एकदा देवपूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. 'पूजा आटोपून येतो,' असे त्यांनी सांगितले. शिपाई ऐकेना, तो वेडेवाकडे बोलला. महिपती मुकाट्याने उठले, कचेरीत गेले, जे काम होते ते चोख पुरे केले, आणि घरी परत आल्यावर लेखणी देवापुढे ठेवून त्यांनी शपथ वाहिली, की यापुढे ही लेखणी संतांच्या चरित्राखेरीज दुसऱ्या कशासाठी चालणार नाही. सरकारी चाकरीसाठी मी ती धरणार नाही आणि माझ्या वंशजांनीही धरू नये.

ही कथा परंपरेची आहे आणि परंपरेची म्हणूनच ती घ्यावी. परंतु तीतला एक बारकावा माझ्या लक्षात राहिला आहे. महिपतींनी रागाच्या भरात काम अर्धवट टाकले नाही. आधी हिशेब पुरा केला, मग व्रत घेतले. संतापून लेखणी फेकणारे पुष्कळ असतात. नीट पुसून देवापुढे ठेवणारा विरळा. आणि ती ठेवल्याने घरात येणाऱ्या मिळकतीवर काय परिणाम होणार, हे कुळकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढचा इतिहास कथेचा नाही, ग्रंथांचा आहे. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, 'भक्तविजय' पुरा झाला. जवळजवळ दहा हजार ओव्यांचा ग्रंथ. सालाकडे जरा लक्ष द्या. पानिपतचा संहार झाला जानेवारी १७६१ मध्ये. महाराष्ट्रात घरोघर सुतक होते. पुढच्याच वर्षी, १७६३ साली, निजामाच्या फौजेने पुणे जाळले. १७७२ साली थोरले माधवराव गेले, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, आणि १७७४ साली ताहराबादच्या या कुळकर्ण्याने 'भक्तलीलामृत' हातावेगळे केले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे! साऱ्या राज्याचे दिवस असे जात असता तो नामदेवाची, गोरा कुंभाराची, चोखामेळ्याची, जनाबाईची, तुकोबांची चरित्रे सांगत बसला होता.

कोणी म्हणेल, हा पळपुटेपणा झाला. मला तसे वाटत नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष परत आला नाही, त्या घरातल्या बाईला पेशव्यांच्या बखरीचा काय उपयोग? संध्याकाळी देवळात पोथी लागली आणि जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल तिच्या कानावर पडला, तर तिचे जाते उद्या थोडे हलके फिरेल. चातुर्मासात गावोगाव 'भक्तविजय' वाचला गेला तो काही उगाच नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकाला महिपतींचा शब्द न् शब्द प्रमाण मानता येत नाही, हे खरे. चमत्कार आहेत, कालाचा घोटाळा आहे. पण त्यांच्याइतका प्रामाणिकपणाही जुन्या ग्रंथकारांत थोडा. हे मी माझ्या मनाने रचलेले नाही, असे ते सांगतात. उत्तरेकडच्या नाभाजीचा आणि इकडच्या उद्धवचिद्घनाचा आधार घेतला, असे नावानिशी कबूल करतात. हिशेबाच्या वहीत जमेची रक्कम कोणाकडून आली हे लिहावेच लागते. कुळकर्ण्याची ती सवय त्यांनी देवळातही सोडली नाही. ऐकायला साधी वाटते, पण माझ्या मते हीच त्यांची साधना. स्वतःला मागे ठेवून दुसऱ्याचे मोठेपण ओवीमागून ओवी लिहीत राहणे, हे एखाद्या जपापेक्षा कमी कठीण नाही. करून पाहावे!

या व्रताचा धागा पुढे कुठे निघाला, तेही पाहण्यासारखे आहे. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र. याच मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट यांनी उतारवयात मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम अंगावर घेतले. पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने केलेले 'भक्तविजया'चे त्यांचे भाषांतर १९३३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, प्रसिद्ध झाले. ताहराबादची पोथी अशी सातासमुद्रापलीकडे गेली.

आणि याच मिशनच्या छायेत, नगर-राहुरीच्या परिसरात, रेव्हरंड नारायण वामन टिळक वावरले. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अभंग, भजन, कीर्तन मात्र सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे पोचलो, अशी त्यांची धारणा होती. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभले, आणि १९१९ साली ते गेले तेव्हा ते अगदी अपुरे होते. ते पुढे नेले कोणी? लक्ष्मीबाईंनी! ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिने लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवली, तिने पन्नाशी उलटल्यावर साठाहून अधिक अध्याय रचले. आपण सारे त्यांना 'स्मृतिचित्रां'मुळे ओळखतो आणि खळखळून हसतो. पण गेलेल्या नवऱ्याचे अपुरे काव्य वर्षानुवर्षे ओवीने भरीत आणणे, याला साधनेखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे, मला सुचत नाही.

नेवासे, श्रीगोंदे, ताहराबाद, राहुरी. दैवते वेगळी, काळ वेगळे, धर्मही वेगळे. परंतु या साऱ्यांत काही समान असेल तर ते एवढेच, की प्रत्येकाने हातातल्या कलेला एक बंधन घालून घेतले. कोणी फळ वाटून टाकले, कोणी शत्रू आत शोधला, कोणी लेखणीची चाकरी बदलली, कोणी दुसऱ्याचे काम स्वतःचे मानले. प्रतिभा ही देणगी असेल. तिला साधना करते ते हे बंधन.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात लेखणीहून चपळ यंत्र आहे, आणि दिवसभर आपण त्यावर काही ना काही लिहीत असतो. त्यातले किती लिहिणे कोणाच्या चाकरीत जाते, किती रागात, किती नुसत्या मिरवण्यात, याचा ज्याने त्याने हिशेब करावा. महिपतीबोवांसारखी जन्माची शपथ आपल्याला झेपणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा करण्याची रीत आपल्या घरांतून अजून आहे. हळदकुंकू वाहून झाले, की त्या वहीत यंदा एक तरी पान असे लिहावे, ज्याचा लाभ आपल्याला नाही, दुसऱ्या कोणाला व्हावा. मुलांना हे सांगितले तर ती विचारतील, 'कोणते पान?' ते मात्र त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.