आलिशान सफारी लॉज आवाक्यात : हंगाम, जागा आणि दरपत्रक

आफ्रिकेतील नामवंत सफारी लॉजमध्ये एका रात्रीसाठी माणशी ५०० ते १,००० डॉलर, आणि काही ठिकाणी त्याहूनही कितीतरी अधिक रक्कम मोजावी लागते. हा आकडा ऐकताच सर्वसामान्य पर्यटक सफारीचा विचार सोडून देतो. मात्र ही किंमत केवळ मऊ गाद्यांची आणि चविष्ट भोजनाची नसते. हंगाम, जमीन आणि प्रवास या तीन गोष्टींवर ती ठरते. त्यांची नीट निवड केल्यास खर्चात मोठी बचत होऊ शकते.

हंगामाची निवड

केनियातील मसाई मारा अभयारण्यात साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातील सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे प्रचंड कळप येतात. याच काळात लॉजचे दर सर्वाधिक असतात. २०२४ पासून अभयारण्याचे प्रवेशशुल्कही हंगामानुसार वेगवेगळे ठेवण्यात आले. परदेशी प्रौढ पर्यटकासाठी जानेवारी ते जून या काळात प्रतिदिन १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर असे ते ठरविण्यात आले. म्हणजेच दोघांच्या तीन दिवसांच्या भेटीत केवळ प्रवेशशुल्कात ६०० डॉलरचा फरक पडतो.

सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती आणि जिराफ यांचे वास्तव्य माऱ्यात वर्षभर असते. त्यामुळे स्थलांतराचे दृश्य पाहण्याचा आग्रह नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ उत्तम ठरतो. मार्चअखेर ते मे हा मोठ्या पावसाचा काळ सर्वांत स्वस्त असतो; मात्र तेव्हा रस्ते चिखलाचे होतात आणि काही लॉज बंद असतात. बोट्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशातही नोव्हेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत दर बरेच खाली येतात. गवत उंच असल्याने प्राणी शोधणे कठीण जाते, परंतु नवजात पाडसे आणि स्थलांतरित पक्षी याच दिवसांत दिसतात.

कुंपण नसलेली सीमा

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पश्चिमेला साबी सँड हे खासगी राखीव वन असून जगातील अत्यंत महागड्या लॉजपैकी काही तेथे आहेत. या दोहोंमधील कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आले. तेव्हापासून प्राणी दोन्हीकडे मुक्तपणे ये-जा करतात. हजार डॉलर देणाऱ्याला दिसलेला बिबट्या दुसऱ्या दिवशी सरकारी छावणीत उतरलेल्यालाही दिसू शकतो.

क्रूगरमध्ये स्कुकुझा, लोअर साबी आणि मराठी माणसाला नावानेच जवळची वाटावी अशी सतारा, या सरकारी छावण्या आहेत. तेथील झोपडीवजा निवासात स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्याही मिळतात. उद्यानातील मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि वाहतूक भारताप्रमाणेच डावीकडून चालते. त्यामुळे भाड्याची मोटार घेऊन स्वतः फिरता येते. मात्र सूर्यास्ताला छावणीचे दरवाजे बंद होतात आणि ठरावीक जागा वगळता वाहनातून उतरण्यास मनाई असते.

खासगी लॉजमध्ये उघडी जीप, माग काढणारा जाणकार, रात्रीची फेरी आणि रस्ता सोडून प्राण्याजवळ जाण्याची मुभा असते. दोन्हींचा लाभ हवा असल्यास चार-पाच रात्री सरकारी छावणीत आणि अखेरच्या दोन रात्री खासगी लॉजमध्ये, अशी विभागणी करावी. अनेक अनुभवी पर्यटक हाच मार्ग अवलंबतात.

दरपत्रकातील बारकावे

लॉजचे दर बहुधा दोघांनी एक खोली वापरण्याच्या हिशेबाने, माणशी दिलेले असतात. एकट्या प्रवाशाला अधिभार पडतो. मंदीच्या हंगामात काही लॉज तो माफ करतात. चार रात्रींच्या मुक्कामास तीन रात्रींचेच पैसे, अशा सवलतीही याच काळात मिळतात. भोजन आणि दिवसाच्या दोन सफारी दरात समाविष्ट आहेत का, प्रवेशशुल्क आणि बक्षिसी वेगळी आहे का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे. वरवर स्वस्त दिसणारे लॉज हे सर्व जोडल्यावर महाग ठरू शकते.

नैरोबीहून माऱ्याला छोट्या विमानाने तासाभरात पोहोचता येते, तर मोटारीने पाच-सहा तास लागतात. तिघे-चौघे एकत्र असल्यास मोटार बरीच स्वस्त पडते. विमानाने जायचे झाल्यास सामानाची मर्यादा सहसा १५ किलो असते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र आवश्यक असते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. ऐनवेळची धावपळ टाळण्यासाठी ही लस आधीच घ्यावी.

कोठे काटकसर नको

माऱ्याच्या सीमेलगत नाबोइशो (स्थापना २०१०) यांसारखी संवर्धनक्षेत्रे आहेत. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून लॉजचालक त्यांना नियमित भाडे देतात. त्या बदल्यात ही कुटुंबे जमिनीला कुंपण घालत नाहीत आणि गुरांच्या चराईवर ठरलेले निर्बंध पाळतात. येथे तंबूंची आणि वाहनांची संख्या मर्यादित असल्याने दर चढे असतात. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटन थांबले, तेव्हा हे भाडे कसे द्यायचे हा प्रश्न उभा राहिला आणि या व्यवस्थेचा नाजूकपणा उघड झाला.

म्हणूनच बचत करायची ती हंगामात आणि प्रवासात करावी. जमीनमालकांच्या हिश्श्यात नव्हे. भाडे बाराही महिने द्यावे लागते, पर्यटक मात्र प्रामुख्याने चार महिनेच येतात. मंदीच्या दिवसांत सवलतीच्या दराने आलेला पाहुणा स्वतःचे पैसे वाचवतोच. शिवाय ज्या काळात उत्पन्न आटलेले असते, नेमक्या त्याच काळात तो या रानाच्या रक्षणाला हातभार लावतो.