फ्रेमसर्व्हर : जागेच्या टंचाईतून जन्मलेले तंत्र

फ्रेमसर्व्हर म्हणजे व्हिडिओतील एकेक फ्रेम मागणीनुसार तयार करून थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देणारी सोय. एका प्रोग्रामने फ्रेम कापायची, स्वच्छ करायची, लहानमोठी करायची. दुसऱ्याने ती तिथल्या तिथे घेऊन एमपेगसारख्या स्वरूपात साठवायची. मधल्या टप्प्यावर एकही मोठी फाइल तयार होत नाही. घरगुती व्हिडिओ-संपादनात हे तंत्र २००० सालच्या सुमारास रुळले. त्यामागचे कारण व्यवहारी होते : हार्ड डिस्कवर जागा पुरत नव्हती.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ आणले आणि त्याबरोबर एव्हीआय हे फाइलस्वरूपही आले. पुढे टीव्ही-ट्यूनर कार्डे स्वस्त झाली आणि व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवणे, म्हणजे कॅप्चर करणे, घरच्या घरी शक्य झाले. अडचण होती ती आकारमानाची. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात तेव्हा चालणाऱ्या पाल पद्धतीत पूर्ण फ्रेम ७२० × ५७६ बिंदूंची असते आणि सेकंदाला अशा २५ फ्रेम येतात. दर बिंदूला २ बाइट धरले तरी सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट होतात, तासाला जवळपास ७५ गिगाबाइट. मूळ एव्हीआय फाइलची व्यावहारिक मर्यादा २ गिगाबाइट होती. ती पावणेदोन मिनिटांत भरे. १९९६ च्या ओपनडीएमएल विस्ताराने ही मर्यादा उठवली, तरी विंडोज ९८ च्या फॅट-३२ रचनेत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल ठेवताच येत नसे.

या अडचणीवर मोठा उपाय ठरला तो व्हर्च्युअलडब हा प्रोग्राम. अमेरिकेतील एव्हरी ली यांनी महाविद्यालयात शिकत असताना तो लिहिला आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला. कॅप्चर चालू असताना फाइल मर्यादेला पोहोचली की तो पुढचा भाग आपोआप नव्या फाइलमध्ये लिही. किती फ्रेम गळाल्या याची मोजदादही तो दाखवी. फ्रेम गळाल्या की चित्र आणि आवाज यांचा मेळ सुटतो, म्हणून ही मोजदाद महत्त्वाची होती.

याच काळात बेन रुडियाक-गूल्ड यांनी हफ-वायूव्ही हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवणारा आणि पुन्हा उलगडणारा प्रोग्राम, तयार केला. त्यात प्रत्येक बिंदूचे मूल्य शेजारच्या बिंदूंवरून ताडले जाते आणि अंदाज जेवढा चुकतो तेवढा फरकच हफमन संकेतांत लिहिला जातो. त्यामुळे चित्राचा एकही तपशील न गमावता फाइल बरीच लहान होते.

कॅप्चरनंतरची पायरी फिल्टरची. पाल चित्रण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डांत, विभागलेले असते : एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकत्र दाखवल्यास हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. ते डीइंटरलेस फिल्टर घालवतो. कॅसेटवरचे दाणेदार ठिपके दर फ्रेममध्ये बदलतात. एमपेग पद्धत लागोपाठच्या फ्रेममधील साम्यावर चालत असल्याने हे ठिपके टिपण्यातच तिचा बराच डेटा खर्च होतो. व्हिडिओ सीडीत ३५२ × २८८ बिंदूंच्या चित्राला सेकंदाला जेमतेम ११.५ लाख बिट मिळत, त्यामुळे तेथे ही उधळपट्टी परवडत नसे. म्हणून आधी स्वच्छता, मग आकार लहान करणे आणि शेवटी एमपेग एन्कोडर, असा क्रम ठरला.

मात्र फिल्टर लावलेला व्हिडिओ एन्कोडरपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उरला. पूर्ण आकाराच्या फ्रेम दर बिंदूला ३ बाइट धरून जशाच्या तशा साठवल्या, तर तासाला ११२ गिगाबाइट लागतात. घरच्या संगणकावरील त्या काळातील डिस्क यापेक्षा कितीतरी लहान होत्या. व्हर्च्युअलडबने यावर फ्रेमसर्व्हर हा मार्ग दिला. तो नावाला फाइल म्हणावी अशी एक छोटी फाइल तयार करी; तिच्यात चित्र नसे, फक्त खूण असे. एन्कोडर ती एव्हीआय समजून उघडी आणि अमुक क्रमांकाची फ्रेम मागे. विंडोज ती मागणी व्हर्च्युअलडबकडे वळवी. तो मूळ फाइलमधून फ्रेम उचलून, फिल्टर लावून, संगणकाच्या स्मृतीतूनच पुढे देई.

२००० सालीच आलेल्या रुडियाक-गूल्ड यांच्या एव्हीसिंथने ही कल्पना आणखी पुढे नेली. त्याला स्वतःची खिडकी नाही, बटणे नाहीत. वापरणारा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने सूचना लिहितो : कोणती फाइल उघडायची, कडा किती कापायच्या, कोणता फिल्टर लावायचा. ही स्क्रिप्टच व्हिडिओ म्हणून उघडता येते. काम उलट्या दिशेने चालते. शेवटचा फिल्टर आपल्या आधीच्याकडे फ्रेम मागतो, तो त्याच्या आधीच्याकडे, आणि मागणी अखेर मूळ फाइलपर्यंत पोहोचते. ज्या फ्रेमची मागणी झाली नाही, तिच्यावर सहसा श्रमही खर्च होत नाहीत.

पुढे डिस्क स्वस्त आणि मोठ्या झाल्या. डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने येणारा व्हिडिओ तासाला सुमारे १३ गिगाबाइटमध्ये मावू लागला आणि जागेची निकड कमी झाली. तरी फ्रेमसर्व्हर टिकला, कारण त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरला. मूळ चित्रण अस्पर्श राहते आणि प्रत्येक निर्णय स्क्रिप्टमध्ये वाचता येतो. एक फिल्टर चुकीचा वाटला तर एक ओळ बदलायची; मागचे काम वाया जात नाही. एव्हीसिंथची पुढची शाखा एव्हीसिंथ-प्लस आणि २०१२ मध्ये फ्रेडरिक मेलबिन यांनी सुरू केलेले, पायथनवर चालणारे व्हेपरसिंथ याच तत्त्वावर उभे आहेत. जुन्या व्हीएचएस कॅसेटचे चित्रण जपण्यासाठी आजही हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे : कॅप्चर तपशील न गमावणाऱ्या कोडेकने करावे, ती मूळ फाइल पुसू नये आणि सारी दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये ठेवावी. उद्या अधिक चांगला फिल्टर आला, तर त्याच मूळ फाइलवरून तो लावता येतो.