वेगाची मर्यादा आणि रस्त्यावरील मनुष्यहानि

सोलापूर हें रस्त्यांच्या नाक्यावर वसलेलें शहर आहे. पुणें–हैदराबाद, विजापूर–धुळें आणि रत्नागिरी–नागपूर असे तीन मोठे मार्ग या शहराजवळ एकत्र येतात. पंढरपूर याच जिल्ह्यांत आहे आणि तुळजापूर अवघें ४५ किलोमीटरांवर. त्यामुळें ज्या रस्त्यावरून मालमोटार रात्रीं हैदराबादेकडे धांवते, त्याच रस्त्याच्या कडेनें वारकरी खांद्यावर पताका घेऊन चालतो. हिंवाळ्यांत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या, पुष्कळदां मागें दिवा नसतां, त्याच रस्त्यानें सरकत असतात. शाळा सुटल्यावर मुलें सायकलीवरून तोच रस्ता ओलांडतात. अशा ठिकाणीं, वेगावर कायद्याचा अंमल बसविल्यानें रस्ता खरोखर सुरक्षित होतो काय, हा प्रश्न केवळ वादाकरितां वाद म्हणून राहत नाहीं. ज्याच्या हातीं दंडाची पावती पडते तो म्हणतो, हा तिजोरी भरण्याचा उद्योग आहे. ज्याच्या घरचें माणूस रस्त्यावर गेलें तो विचारतो, त्या वेळीं पोलीस कोठें होते? या दोन तक्रारींत तथ्य किती, याचा निर्णय इतिहासाकडून मागणें बरें. कारण हा तंटा शंभर वर्षांहून जुना आहे.

मोटारगाडी रस्त्यावर येण्यापूर्वींच तिच्या वेगाचा कायदा तयार होता. इंग्लंडांत १८६५ सालीं रस्त्यावरील वाफेच्या यंत्रांसाठीं जो कायदा झाला, त्यानें खेड्यापाड्यांतून ताशीं ४ मैल व शहरांतून २ मैल एवढीच मर्यादा घालून दिली, आणि यंत्राच्या पुढें ६० यार्डांवर तांबडें निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे असें ठरविलें. पुढें याच कायद्याच्या जाळ्यांत मोटार सांपडली. १८९६ च्या जानेवारींत केंट परगण्यांत वॉल्टर आर्नल्ड नांवाच्या गृहस्थानें ताशीं ८ मैलांच्या वेगानें मोटार हांकली, तेव्हां एका शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्यास पकडलें, आणि वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्यास एक शिलिंग दंड झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पायीं चालणारी स्त्री मोटारीखालीं सांपडून मेली. ती मोटार ताशीं ४ मैलांनींच चालली होती, अशी हांकणाऱ्याची जबानी होती. ही जबानी खरी मानली, तर वेग नाहीं म्हणून धोका नाहीं, असें म्हणण्याची सोय मोटारीच्या बाल्यावस्थेंतच उरली नव्हती. तथापि काळाची गति ओळखून नोव्हेंबरांत नवा कायदा आला व मर्यादा १४ मैलांवर गेली.

१९०३ च्या कायद्यानें ही मर्यादा २० मैल केली. वाहनास क्रमांक व हांकणाऱ्यास परवाना हीं दोन्ही बंधनें याच कायद्यानें आणलीं. येथून पुढचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हातांत वेळ मोजण्याचें घड्याळ घेऊन शिपाई कुंपणाआड लपून बसत, रस्त्याचा मोजलेला तुकडा मोटारीनें किती वेळांत ओलांडला हें पाहत, आणि पुढें उभ्या असलेल्या सोबत्यास खूण करीत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गुन्हेगार भरपूर मिळत म्हणून अशा जागा त्यांच्या विशेष आवडीच्या. मोटारवाल्यांनीं याला तोड काढली. १९०५ सालीं ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली व तिचे सायकलस्वार पुढें जाऊन सभासदांना सापळ्याची सूचना देऊं लागले. १९१० सालीं न्यायालयानें अशी सूचना देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय असा निर्णय दिला. तेव्हां संस्थेनें दुसरी युक्ति योजिली. तिचा माणूस सभासदाची मोटार पाहून नित्य सलाम करी. ज्या दिवशीं त्यानें सलाम केला नाहीं, त्या दिवशीं सभासदानें थांबून कारण विचारावें! न केलेल्या सलामाबद्दल कोणतें न्यायालय शिक्षा देणार? अशा रीतीनें कायदा आणि नागरिक यांच्यामध्यें लपंडाव सुरू झाला, व त्यांत रस्त्यावरून पायीं चालणाऱ्याचा विचार दोघांच्याही मनांतून निघून गेला.

ज्या कायद्याला कोणीच जुमानीत नाहीं तो ठेवल्यानें सर्वच कायद्यांचा मान जातो, असें म्हणून १९३० सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें मोटारींची वेगमर्यादाच उठवून टाकिली. १९३४ सालीं तेथें रस्त्यावर ७,३४३ माणसें मेलीं. त्या देशांत मोटारी आजच्या मानानें किती थोड्या होत्या हें ध्यानीं घेतलें म्हणजे या आंकड्याची भीषणता कळते. शेवटीं १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा पुन्हां लागू झाली, आणि त्या वर्षीं मृतांची संख्या ६,५०२ वर आली. येथें मर्यादेचा पक्ष घेणाऱ्यानें घाईनें जय पुकारूं नये. त्याच सुमारास हांकणाऱ्यांची सक्तीची परीक्षा सुरू झाली होती व पादचाऱ्यांसाठीं रस्ता ओलांडण्याच्या खुणेच्या जागाही झाल्या होत्या. श्रेय तिघांनीं वांटून घ्यावयाचें आहे. पुढें महायुद्धांत याचा उलट दाखला मिळाला. पेट्रोलच्या टंचाईमुळें खाजगी मोटारी कमी झाल्या. १९४० च्या आरंभीं वस्तींत रात्रीची मर्यादा २० मैलांवर उतरली. तरी १९४१ सालीं ९,१६९ माणसें मेलीं, आणि हा त्या देशांतील सर्वांत मोठा आंकडा ठरला. हवाई हल्ल्याच्या भीतीनें रस्त्यावरील दिवे मालवलेले होते, हें त्याचें मुख्य कारण. अंधारांत दिसेनासा झालेला मनुष्य केवळ मर्यादेच्या पाटीनें वांचत नाहीं.

अमेरिकेचा दाखलाही असाच दुहेरी आहे. तेलाच्या टंचाईमुळें १९७४ सालीं तेथें सर्व देशभर ताशीं ५५ मैलांची मर्यादा आली. आदल्या वर्षीं ५४,०५२ माणसें मेलीं होतीं, त्या वर्षीं ४५,१९६ मेलीं. तेल महागल्यामुळें लोक प्रवासच कमी करूं लागले होते हें खरें. पण एवढी मोठी घट त्या एकाच कारणानें झाली असें मानणें कठीण आहे. तथापि निर्मनुष्य मैदानांतील सरळ रस्त्यांवर ही मर्यादा लोकांना पटली नाहीं, तिचें उल्लंघन नित्याचें झालें, आणि १९९५ सालीं ती रद्द झाली.

इतिहासाचे आंकडे असे दोन्ही बाजूंनीं बोलतात. पदार्थविज्ञान मात्र एकाच बाजूनें बोलतें. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरांनीं चाललेली मोटार सुमारें २८ मीटरांत थांबते. आतां त्याच २८ मीटरांवर एखादें मूल अचानक रस्त्यांत आलें असें समजा. पन्नासाच्या वेगाचा हांकणारा त्याच्यापाशीं येऊन थांबेल. साठाच्या वेगाचा हांकणारा, तितकाच सावध व तितकाच कुशल असूनही, त्या मुलावर सुमारें ४० किलोमीटरांच्या वेगानें आदळेल. कारण त्याच्या पहिल्या सेकंदांतच जवळजवळ १७ मीटर संपले, आणि उरलेला वेग मोडावयास अंतरच राहिलें नाहीं. दहा किलोमीटरांचा फरक तो काय, असें म्हणणाऱ्यानें हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. स्वीडनमधील संशोधक गोरान निल्सन यांनीं अनेक रस्त्यांच्या नोंदींवरून असा नियम बसविला कीं, सरासरी वेग वाढला कीं प्राणघातक अपघात त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतात. सरासरी वेग शेंकडा ५ नीं कमी झाला, तर असे अपघात जवळजवळ एक पंचमांशानें घटतात. वेग कमी झाला तर जीव वांचतात, याविषयीं म्हणूनच शंका नाहीं. शंका आहे ती पोलिसांच्या कारवाईनें वेग खरोखर कमी होतो काय, व होत असल्यास कोठें आणि किती काळ, याविषयीं.

हिंदुस्थानांत मोटारींचा अखिल भारतीय कायदा प्रथम १९१४ सालीं झाला, त्याच्या जागीं १९३९ चा आला, आणि आज १९८८ चा कायदा चालू आहे. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून अतिवेगाची शिक्षा होऊं नये, त्याला यंत्राच्या मोजमापाचा आधार पाहिजे, ही शहाणपणाची तरतूद या कायद्यांत आहे. कुंपणाआडच्या शिपायाविषयींचा जुना अविश्वासच तींत उतरला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये व मध्यम आणि जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला, आणि विजेच्या यंत्रांनीं रस्त्यांवर देखरेख ठेवण्याची आज्ञाही झाली. घड्याळाच्या जागीं आतां लेसरचें यंत्र आलें आहे, आणि शिपायाच्या जागीं कॅमेरा.

परंतु रोगाचें निदानच ढोबळ असेल तर औषध नेमकें कसें पडावें? सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, व त्यांपैकीं शेंकडा ७१ हून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदरांत मांडले गेले. आपल्याकडील अपघाताच्या फिर्यादी ज्यानें वाचल्या असतील त्यास ‘हयगयीनें, अविचारानें व भरधाव वेगानें’ ही शब्दावलि पाठ असेल. प्रत्यक्ष वेग बहुधा कोणींच मोजलेला नसतो; लेखणीच्या वळणानेंच तो शब्द कागदावर येतो. त्यामुळें रस्त्याचें चुकीचें वळण, दिव्याचा अभाव, मधोमध उभी राहिलेली बंद मालमोटार, हांकणाऱ्याची झोंप, हीं सारीं कारणें ‘भरधाव’ या एका शब्दाखालीं गाडलीं जातात.

महाराष्ट्रांतील दोन मोठ्या रस्त्यांचा अनुभव या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. २०१६ सालीं त्या एका मार्गावर १५१ माणसें मेलीं. त्या वर्षीं सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ व महामार्ग पोलीस यांनीं मिळून तेथें एकही मृत्यु होऊं नये असा संकल्प करून काम आरंभिलें. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागा तपासण्यांत आली. उघडे कठडे झांकणें, खुणा व पाट्या लावणें, बंद पडलेलीं वाहनें हलविणें, जखमींस लवकर मदत पोंचविणें आणि नियम मोडणारांवर कारवाई करणें, अशीं सर्व कामें बरोबरच चाललीं. पुढील कांहीं वर्षांत मृतांचा आंकडा निम्म्याहून खालीं आला. त्या मार्गावर स्वयंचलित कॅमेऱ्यांची मोठी योजना सुरू झाली ती मात्र २०२४ च्या जुलैपासून. म्हणजे बरीचशी घट कॅमेऱ्यांच्या आधींचीच होय. दुसरा रस्ता समृद्धि महामार्ग. तो २०२२ च्या डिसेंबरांत नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. २०२३ च्या १ जुलैस पहांटेपूर्वीं सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस दुभाजकास धडकून उलटली व पेटली, आणि २५ प्रवासी दगावले. सरळ व एकसुरी रस्त्यावर रात्रीं हांकणाऱ्यास गुंगी येते. ती कोणत्याही वेगमापक यंत्रास दिसत नाहीं.

सोलापूर जिल्ह्यास मात्र याहून वेगळा धोका आहे. कारण येथील रस्ता केवळ मोटारींचा नाहीं. २०२२ च्या ३१ ऑक्टोबरास कार्तिकी वारीसाठीं कोल्हापूर जिल्ह्यांतून पंढरपुराकडे पायीं निघालेल्या दिंडींत, सांगोला तालुक्यांतील जुनोनीजवळ, संध्याकाळच्या वेळीं मागून एक मोटार घुसली व ७ वारकरी मरण पावले. मोटारींतील माणसाभोंवतीं पोलादाचा सांगाडा, पट्टा आणि हवेची उशी असते. वारकऱ्याभोंवतीं कांहींच नसतें. द्रुतगति मार्गावर मर्यादा मोडणारा बव्हंशीं आपल्यासारख्याच बंदिस्त माणसांस धोका देतो. दिंडीच्या वाटेवर ती मोडणारा दुसऱ्याचाच प्राण पणास लावतो.

आणि यावरचा उपायही याच भूमींत फार दिवसांपासून दिसत आला आहे. कोजागिरीस सोलापुराहून हजारों भाविक पायीं तुळजापुरास जातात. त्या वेळीं तो रस्ता वाहनांस बंद करून वाहतूक दुसरीकडून वळविली जाते. याहून कडक वेगमर्यादा ती कोणती? तरी तीविरुद्ध ओरड होत नाहीं. कारण बंदीचें प्रयोजन डोळ्यांसमोर चालत असतें, बंदी सर्वांस सारखी असते, आणि ती कोठें व किती वेळ आहे हें आधींच जाहीर झालेलें असतें. कुंपणाआडच्या शिपायास जें साधलें नाहीं तें येथें सहज साधतें. आळंदी व देहूहून पंढरपुरास येणाऱ्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणांत पायीं चालणारांसाठीं वेगळी वाट राखण्याची योजना आहे. तीही याच शहाणपणाची. जेथें माणूस व मोटार वेगळीं करतां येतात तेथें तीं वेगळीं करावीं; जेथें येत नाहींत, तेथें मोटारीनें माणसाच्या मानानें चालावें, आणि तें तिच्याकडून निश्चयानें करवून घ्यावें.

तेव्हां वेगावरील कारवाईनें रस्ता सुरक्षित होतो काय, या प्रश्नास इतिहासाचें उत्तर होकारार्थी आहे. पण तें जागेवर आणि रीतीवर अवलंबून आहे. मोकळ्या माळावर लपविलेलें यंत्र पावत्या अधिक फाडील आणि जीव थोडे वांचवील. शाळेजवळ, गांवाच्या तोंडाशीं, वारीच्या वाटेवर उघडपणें लावलेलें, आधीं पाटीनें बजावणारें व मोटारीचा मालक कोण हें न पाहणारें यंत्र पावत्या थोड्या देईल आणि जीव अधिक राखील. पावत्यांची थकबाकी राज्यांत आधींच मोठी आहे; दंड भरला नाहीं तरी चालतें असें एकदां लोकांच्या मनानें घेतलें, म्हणजे दंडाची रक्कम कितीही वाढवून धाक बसत नाहीं. म्हणून जिल्ह्यांत जेथें जेथें असें यंत्र बसेल, तेथें तें बसण्यापूर्वीं तीन वर्षांत किती माणसें मेलीं व नंतरच्या तीन वर्षांत किती, हा तक्ता दरसाल प्रसिद्ध व्हावा. ज्या जागीं मृत्यु कमी झाले नाहींत, तेथें यंत्राबरोबरच रस्त्याचीही तपासणी व्हावी. मग दंड भरणारास आपला पैसा कशासाठीं गेला हें कळेल, आणि जुनोनीसारख्या वाटेवरून चालणाऱ्या दिंडीस पाठीमागून येणाऱ्या मोटारीची भीति कांहीं अंशीं तरी कमी वाटेल.