श्वान-दंगल, पांजरापोळ आणि वंशावळीची वही

१/ ६ जून १८३२. मुंबईच्या कोट भागात सरकारी शिपाई भटकी कुत्री मारीत हिंडत होते. तो पारशांचा पवित्र दिवस. सुमारे दोनशे पारशी शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि गोऱ्या सैन्याकडे जाणारा शिधा अडवला गेला. अखेर लष्कर उतरवावे लागले.

२/ भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच होता, पण उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरच्या ठरावीक आठवड्यांपुरता. १८३२ मध्ये मुदत वाढवली गेली. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई पाळीव कुत्र्यांनाही सोडीत नसत.

३/ पारशांचा संताप निव्वळ भूतदयेचा नव्हता. त्यांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम मानला जाई. ठिपके पाहत, पण त्याचे आईबाप कोण हे कोणी विचारीत नसे.

४/ समेट घडवण्यात सर जमशेटजी जीजीभाई पुढे होते. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, असा तोडगा निघाला. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद (मोतीशा) यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. प्रेरणा दया आणि पुण्याची होती. आजच्यासारखी कुत्री दत्तक देण्याची कल्पना त्यात नव्हती.

५/ लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी बेवारस कुत्र्यांसाठी घर उघडले ते १८६० मध्ये (हेच पुढचे ‘बॅटरसी’), आणि वृत्तपत्रांनी त्यांची टिंगल केली. वंशावळी नोंदवणारा ‘केनेल क्लब’ स्थापन झाला १८७३ मध्ये. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरील कुत्र्याला छप्पर मिळाले, तेव्हा आजच्या अर्थाचा ‘शुद्ध जातीचा कुत्रा’ अजून कागदावर यायचा होता!

६/ ‘कागदावर’ हा शब्द येथे नेमका आहे. नोंदलेल्या मातापित्यांची पिल्लेच नोंदली जाऊ लागली आणि बाकी सारी आपोआप ‘मिश्र’ ठरली. आपल्याकडे मुधोळचे उदाहरण बोलके आहे. दख्खनच्या खेड्यांत शिकारीला आणि राखणीला ठेवले जाणारे ‘कारवानी’ कुत्रे मुधोळच्या घोरपडे राजांनी निवडून वाढवले. राजे मालोजीरावांनी त्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. २००५ मध्ये हे कुत्रे भारताच्या टपाल तिकिटावर झळकले. प्रतिष्ठा राजाश्रयाने आली. रक्त खेड्यातलेच होते.

७/ मग शुद्ध जातीच्या शौकिनांना मिश्र कुत्र्यांची खरोखर कदर आहे का? वैयक्तिक माया पुष्कळांकडे असते, ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु संस्थेचे वर्तन वेगळे दिसते. केनेल क्लबने मिश्र कुत्र्यांसाठी ‘स्क्रफ्ट्स’ ही स्पर्धा सुरू केली ती २००० मध्ये, स्थापनेनंतर तब्बल १२७ वर्षांनी, आणि तीही वेगळ्या रिंगणात. वंशावळीच्या वहीत मात्र त्यांना जागा नाही.

८/ या वहीचा उपयोग नाही असे नव्हे. आनुवंशिक रोगांचा माग तिच्यामुळेच काढता येतो. पण रोग बळावण्याचे एक कारणही तीच. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने जवळच्या नात्यातील संकरांचे दुष्परिणाम उघड केले. पुढच्याच वर्षी भावंडांच्या किंवा माता-पुत्र, पिता-कन्या अशा जोडीच्या पिल्लांची नोंदणी क्लबला बंद करावी लागली. गावठी कुत्र्याच्या मिसळलेल्या रक्ताला ज्यांनी शतकभर उणे मानले, त्यांनाच रक्त फार न मिसळण्याचे भय वाटू लागले.

९/ भुलेश्वरचा पांजरापोळ आजही चालू आहे. कुत्र्यांवरून सुरू झालेल्या त्या आवारात आता मुख्यत्वे गाई दिसतात.