तीन लाखांचे बंगळूर

एखाद्या शहराची किंमत रुपयांत करता येते काय, असा प्रश्न कोणी विचारला, तर बंगळूरचा इतिहास त्याचे उत्तर चोख आकड्यात देतो. 1687 साली हे सबंध गाव विक्रीस निघाले. विकणारा होता शहाजीराजांचा पुत्र व्यंकोजी, घेणारा म्हैसूरचा चिक्कदेवराज वडेयर, आणि ठरलेली किंमत होती तीन लाख रुपये.

हे गाव वसविले केंपेगौडाने, 1537 च्या सुमारास. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथून चार नांगर चार दिशांना सोडून त्याने पेठेची आखणी केली, असे परंपरा सांगते. कानडीतील ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. पुण्याच्या कित्येक पेठा वारांची नावे मिरवितात. बंगळूरच्या पेठा धंद्यांची. अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या. कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. दर्शनी बाजूस दुकान आणि मागे बिऱ्हाड, अशी ही वस्ती होती. जेथे माल विकावयाचा, तेथेच लेकरे वाढवावयाची आणि गल्लीच्या टोकाशी आपल्या दैवताचे देऊळ बांधावयाचे, हा तिचा स्वभाव होय.

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. तो इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1922 साली प्रकाशात आणला. 1664 मध्ये शहाजीराजे निवर्तले आणि बंगळूर व्यंकोजीकडे आले. 1669 च्या एका शिलालेखात, बंगळूरच्या महानाडूच्या, म्हणजे तेथील नागरिकसभेच्या, विनंतीवरून व्यंकोजीने मल्लपूरच्या मल्लिकार्जुनास एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. राजाने द्यावे आणि गावाने मागावे, एवढा त्या सभेचा अधिकार होता.

पुढे व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसला. तेथून दूरचे बंगळूर राखण्याचा खर्च जड होऊ लागला, म्हणून हा सौदा ठरला. इंग्रज इतिहासकार विल्क्स लिहितो की, व्यवहार पुरा होण्यापूर्वीच मोगल सरदार कासीमखानाने गावात प्रवेश केला, आणि अखेर त्याच किमतीस ते म्हैसूरच्या हवाली झाले.

परंतु या तीन लाखांत हस्तांतर झाले ते किल्ल्याचे आणि महसुलाचे. तेल्याचा घाणा, कुंभाराचे चाक आणि सावकाराची पत यांची किंमत त्या सौद्यात कोणी मांडली नव्हती. ती माणसे आपापल्या गल्लीतच राहिली. 1791 च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने आधी पेठ आणि मग किल्ला घेतला; त्या आघातानंतरही बाजार पुन्हा भरला. धनी बदलत गेले, वस्ती टिकली.

वस्तीस पहिला मोठा धक्का दिला तो 1898 च्या प्लेगने. दाट गल्ल्यांत मृत्यू घरोघर शिरू लागला, आणि रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या मल्लेश्वरम् व बसवनगुडी या नव्या वसाहतींकडे लोक वळले. व्यंकोजीने ज्या देवास इनाम दिले, त्याच्याच नावाने मल्लेश्वरम् ओळखले जाते. तेव्हापासून व्यापार पेठेत आणि घर वसाहतीत, अशी फाळणी सुरू झाली.

ती पुढे नेली जागेच्या किमतीने. शहर माहितीतंत्रज्ञानाचे केंद्र झाले आणि चिक्कपेटेच्या एकेका खणाचे मोल वाढत गेले. जेथे बिऱ्हाडापेक्षा गोदामाचे भाडे अधिक येते, तेथे बिऱ्हाड उठते. चौकाचे जुने घर पडते आणि त्या जागी दुकानांच्या मजल्यांवर मजले चढतात. यात कोणाचा जुलूम नाही. वारसांच्या वाटण्या असतात, मुलांची शिक्षणे असतात, आणि चांगला भाव आला असता विकणाऱ्यास दोष देता येत नाही. तथापि फौजांना जे जमले नाही, ते या निरुपद्रवी दिसणाऱ्या व्यवहाराने हळूहळू होत आहे, हे नाकारता येत नाही.

तरीही चैत्री पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेटेतील धर्मरायाच्या देवळातून करग निघतो. फुलांनी मढविलेला तो करग मस्तकी घेऊन वाहक गल्लीगल्लीतून फिरतो आणि तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही जातो. अन्यत्र राहावयास गेलेली घराणी त्या रात्री पेठेत परततात. 1687 च्या सौद्यात न मोजलेले बंगळूर ते हेच. ते आजही विकले गेलेले नाही. मात्र त्याला राहावयास जागा उरेल की नाही, हे पेठेतील उरलेल्या घरांवर अवलंबून आहे.