कडेचं काडतूस

चिखलीला आजोबा होमगार्डच्या दिवसांबद्दल बोलायला लागले की एक वाक्य ठरलेलं: "वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढं ठेवायची, नाहीतर अडकलंच समज." लहानपणी मला ती म्हणच वाटायची. पुढे कळलं, ते १८८८ सालचं ओझं होतं.

तोवर ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्रीची शिशाची गोळी ३१ ग्रॅमची होती. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली. तिची नळी ०.३०३ इंची, म्हणजे ७.७ मिलिमीटर. हीच आपली 'थ्री नॉट थ्री'. गोळी १४ ग्रॅमची, शिशावर धातूचं कवच. गोळी लहान, म्हणून वेग जास्त, मार्ग सरळ आणि तेवढ्याच वजनात शिपायाकडे काडतुसं जास्त.

आतली दारू मात्र जुनीच होती, काळी आणि धुराची. १८९१ पासून बिनधुराचं कॉर्डाइट आलं. त्याच्या उष्णतेनं नळीतल्या उथळ खाचा झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये खोल खाचांची ली-एन्फिल्ड आली. १९१० मध्ये गोळी टोकदार आणि हलकी झाली, सुमारे ११ ग्रॅमची.

सगळं बदललं, पुंगळीच्या बुडाची कड तेवढी राहिली. एकेक काडतूस भरायच्या रायफलीत ती सोयीची होती: काडतूस जागेवर थांबायचं, रिकामी पुंगळी ओढायला पकड मिळायची. पण मॅगझिनमध्ये दहा काडतुसं एकावर एक रचली की कडा एकमेकींत अडकतात. जर्मनीनं १८८८ मध्येच बिनकडेचं काडतूस घेतलं होतं. ब्रिटिशांनीही १९१३ मध्ये तशा काडतुसाच्या चाचण्या घेतल्या. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि ते बारगळलं. लढाईच्या तोंडावर रायफली आणि कारखाने कोण बदलणार? चालू सिस्टीमला हात लावायचा नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

मग पुण्यात, १८६९ पासूनच्या खडकीच्या कारखान्यातही हेच कडेचं काडतूस बनत राहिलं. साम्राज्य गेलं, रायफल पोलिसांकडे आणि होमगार्डकडे आली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती. गोळीत दम कमी नव्हता. पण दर गोळीमागे बोल्ट हातानं मागे-पुढे करायचा, आणि समोरचा घोडा दाबून धरतो.

त्या रात्री चिखलीत टीव्हीसमोर आजोबा एकच बोलले, "आम्हाला अडकू नये कसं ते शिकवलं. बदलायचं कधी, ते कुणीच ठरवलं नाही."